जलाशयाच्या कांठीं वनस्पतिशास्त्राचा वर्ग

वनस्पतिशास्त्र हा विषय चार भिंतींच्या आंत बसून शिकतां येतो, असा समज शाळा-कॉलेजांतून फार दृढ झालेला आहे. काचेच्या बरणींत बुडवून ठेवलेलें मूळ, सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवलेला खोडाचा पातळ छेद आणि फळ्यावर काढलेली फुलाची आकृति, एवढ्या साहित्यावर परीक्षा उत्तीर्ण होतां येतें हें खरें. परंतु बरणींतल्या मुळाला माती नसते, छेदाला ऋतु नसतो, आणि फळ्यावरच्या फुलाकडे मधमाशी येत नाहीं. वनस्पति आपली जागा सोडून कोणाच्या भेटीस येत नाहीं. तेव्हां तिची खरी ओळख करून घ्यावयाची, तर ती जेथें उभी आहे तेथें विद्यार्थ्यानेंच चालत गेलें पाहिजे.

हा विचार नवा नव्हे. स्वीडन देशांतील उप्साला येथें कार्ल लिनिअस हा १७४१ सालीं प्राध्यापक झाला. वनस्पतींना दुहेरी लॅटिन नांवें देण्याची जी पद्धति आज जगभर चालते, ती रूढ करणारा तोच हा पंडित. उन्हाळ्याच्या दिवसांत तो विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन गांवाबाहेरच्या रानांतून ठरलेल्या वाटांनीं हिंडे. कधीं कधीं त्याच्यामागून शंभर-दीडशें माणसें चालत. सायंकाळीं शिंगें आणि नगारे वाजवीत ही मंडळी टोप्यांत फुलें खोवून शहरांत परत येत. अंगावर सैल कपडे, हातांत भिंग आणि ज्ञानाचा असा उत्सव! विद्यापीठांतील कांहीं गंभीर लोकांना हा प्रकार रुचला नाहीं. परंतु त्या वाटांवर तयार झालेले शिष्य पुढें जगाच्या दूरदूरच्या भागांत वनस्पति शोधीत फिरले.

उप्सालासारखी वाट प्रत्येक गांवाला असते. ती वाट म्हणून ओळखावी मात्र लागते. उदाहरणासाठीं वऱ्हाडांतील वाशीम घेऊं. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलें प्राचीन वत्सगुल्म तें हेंच. पूर्वीं अकोला जिल्ह्यांत मोडणारें हें गांव १ जुलै १९९८ पासून स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण झालें. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फांटे या जिल्ह्यांतून पसरले आहेत, आणि त्यामुळें येथील भूमीला एक विलक्षण गुण आला आहे. या उंचवट्याच्या एका उतारावर पडलेलें पावसाचें पाणी काटेपूर्णा, पूर्णा आणि तापी या मार्गानें अरबी समुद्राला मिळतें. आणि दुसऱ्या उतारावर पडलेलें पैनगंगेंतून वर्धेला, तेथून प्राणहितेला आणि मग गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरांत जातें. एकाच ढगांतले दोन थेंब शेजारीं-शेजारीं पडावे आणि दोन निरनिराळ्या समुद्रांकडे निघावे, अशी ही जागा आहे. खालीं सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा काळा खडक, त्याच्यावर कोठें मुरमाचा पातळ थर, तर कोठें कापसाची खोल काळी माती. वाहून जाणारें पाणी अडवावें म्हणून या जिल्ह्यांत ठिकठिकाणीं तलाव आणि धरणें झालीं. वाशीमजवळचा, चंद्रभागा नदीवरील एकबुर्जीचा जलाशय हा त्यांपैकींच एक. वाशीम शहर ह्याच जलाशयाचें पाणी पितें.

आतां श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, दसरा होऊन गेला आहे, पाऊस नुकताच संपला आहे, जलाशय बहुतेक भरलेला आहे, आणि वाशीमच्या एखाद्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राचा तीस-चाळीस मुलामुलींचा वर्ग सकाळीं सातच्या सुमारास तेथें येऊन उतरला आहे. प्रत्येकाच्या हातीं एक वही, एक पेन्सिल आणि एक भिंग. वर्गामध्यें मिळून एक सुतळीचें बिंडोळें, लांकडी पट्ट्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट आणि जुन्या वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा. एवढ्या सामग्रीवर दिवसभर पुरेल इतकें शिक्षण होतें.

पहिला धडा धरणाचा बांध हाच. हा बांध मातीचा आहे. त्याच्यावर एकहि मोठें झाड नसावें, याकडे बांधकाम पाहणारे लोक बारकाईनें लक्ष ठेवतात. मुलांना हें प्रथम चमत्कारिक वाटतें. ‘झाडांची मुळें माती धरून ठेवतात’ हें तर लहानपणापासून पाठ झालेलें. मग येथेंच झाड शत्रु कां ठरावें? प्राध्यापक सांगतात तें असें: मोठ्या झाडाचें मूळ मातींत खोल शिरतें, पुढें झाड मरतें, मूळ कुजतें, आणि त्याच्या जागीं एक पोकळ नळी राहते. त्या नळींतून पाणी झिरपूं लागलें कीं तें मातीचे कण बरोबर घेऊन निघतें, आणि नळी रुंद होत जाते. गवताची मुळें बारीक आणि उथळ. तीं वरचा थर जाळ्यासारखा बांधून ठेवतात, पण बांधाच्या पोटांत शिरत नाहींत. म्हणून बांधाच्या उतारावर गवत हवें आणि पाणलोटांतल्या टेकड्यांवर झाडें हवींत. कोणती वनस्पति चांगली, हा प्रश्न ती कोठें उभी आहे हें कळल्याशिवाय सोडवितां येत नाहीं, हा त्या सकाळचा पहिला सिद्धान्त.

बांध संपून पायवाट कांठाच्या झुडपांत शिरते, तेथें एक पळस उभा असतो. आश्विनांत त्याला फूल नाहीं. पानें मात्र भरगच्च. ‘कोठेंहि जा, पळसाला पानें तीनच’ ही म्हण ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा. प्राध्यापक विचारतात, “किती पानें आहेत?” सारा वर्ग एका सुरांत म्हणतो, “तीन!” मग ते एका विद्यार्थिनीला देठाच्या बगलेंत पाहावयास सांगतात. जेथें पान फांदीला चिकटतें, तेथें त्याच्या बगलेंत एक कळी असते. ही खऱ्या पानाची खूण. ती मुलगी भिंग लावून पाहते. तिन्ही पानांच्या बुडाशीं कळी नाहीं. कळी आहे ती तिघांना धरून ठेवणाऱ्या लांब देठाच्या बुडाशीं, आणि ती एकच. म्हणजे तीं तीन पानें नव्हेत. एकाच पानाचीं तीं तीन दळें आहेत. शंकराला वाहतात त्या बेलाच्या त्रिदळाचें रहस्यहि हेंच. म्हणीला चूक म्हणण्याचें कारण नाहीं. ती म्हण माणसांविषयीं आहे, पळसाविषयीं नाहीं. परंतु जी गोष्ट शेंकडों वेळां उच्चारली, ती एकदांहि पाहिली नव्हती, हें कळल्यावर वर्गांत क्षणभर जी शांतता पसरते, तिचें मोल पुस्तकाच्या अनेक पानांहून अधिक आहे.

थोडें पुढें गेल्यावर सुतळीचें काम निघतें. पाण्यापासून वरच्या मुरमाड चढापर्यंत ती सरळ ताणून बांधतात, आणि ठराविक अंतरावर चौकट टाकून तिच्या आंत कोणती वनस्पति किती आहे याची मोजणी चालते. दिसावयास हें काम कंटाळवाणें. परंतु तासाभरांत वहीच्या पानावर एक सुंदर गोष्ट उमटूं लागते. सर्वांत आंत, पाण्याखालीं पूर्ण बुडालेल्या वनस्पति, त्यांच्या अलीकडे चिखलांत पाय रोवून उभें असलेलें पाणकणीस आणि लव्हाळा, नंतर ओलसर गाळावर पसरलेला माका, त्याच्यावर तरोटा, आणि सर्वांत वर कोरड्या मुरमांत बाभूळ, बोर आणि गवतें. कोणीहि रेघा मारून दिलेल्या नाहींत, तरी प्रत्येक जात आपापल्या पट्ट्यांत राहते. उन्हाळ्यांत पाणी आटेल तसे हे पट्टेहि आंत सरकतील. जलाशय दरसाल श्वास घेतो आणि सोडतो, आणि त्याच्या कांठची वनस्पतिसृष्टि त्या श्वासाबरोबर मागें-पुढें होते.

महाराष्ट्रांतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत रिबिनीसारख्या लांब पानांची एक वनस्पति सांपडते. शास्त्रांत तिला व्हॅलिस्नेरिया म्हणतात. तिचीं नर-फुलें आणि मादी-फुलें निरनिराळ्या झाडांवर येतात. मादी-फूल लांबच लांब देठावर चढत पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतें आणि तेथें उमलतें. नर-फुलें मात्र तळाशींच तयार होतात, देठापासून तुटून बुडबुड्यांसारखीं वर येतात, आणि लहान होड्यांप्रमाणें पाण्यावर तरंगूं लागतात. वारा त्यांना ढकलीत मादी-फुलाशीं नेतो. तेथें पराग लागतात. काम झालें कीं मादी-फुलाचा देठ वेटोळें घेऊं लागतो, आणि फळ पाण्याखालीं ओढून घेतो. पतंग नाहीं, मधमाशी नाहीं; नुसतें पाणी आणि वारा यांच्या भरंवशावर हा सारा संसार चालतो. असलें फूल पाहण्यासाठीं विद्यार्थी पालथे पडून पाण्याकडे टक लावतात, तेव्हां त्यांना घड्याळाची आठवण राहत नाहीं.

वरच्या चढावर गवत कापणाऱ्या बायका असतात. पुस्तकांत ‘गवत’ हा एक शब्द. त्यांच्याजवळ मात्र गवतागणिक नांव. हें मारवेल, याला जनावरें आवडीनें खातात. हें पवना, हें सुकलें तरी चालतें. आणि ही कुसळी, ही पिकायच्या आधीं कापावी. कुसळी पिकायच्या आधींच कां? वर्गाच्या पायमोज्यांतच त्याचें उत्तर टोंचत असतें. कुसळीच्या बीजाला एका टोंकास अणकुचीदार सुई, आणि दुसऱ्या टोंकास पीळ घातलेल्या दोऱ्यासारखी लांब शेपटी असते. हवा ओली झाली कीं पीळ सुटतो, कोरडी झाली कीं पुन्हां भरतो. अशा रीतीनें शेपटी गिरमिटासारखी फिरत राहते आणि बीज मातींत घुसत जातें. एका मुलानें तळहातावर कुसळ ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकावा, आणि तें डोळ्यांदेखत वळवळूं लागावें. मग सगळ्यांनीं तेंच करून पाहावें! जनावराच्या तोंडांत हीच सुई रुतते, म्हणून पिकण्यापूर्वींची कापणी. जें शास्त्र मुलें त्या दिवशीं शिकलीं, तें त्या बायकांच्या विळ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें.

त्याच चढावर कांहीं उपरी मंडळीहि भेटतात. कांठाला जांभळट फुलांची बेशरम, तिच्यामागें गाजर गवत, पलीकडे घाणेरी. हीं तिन्ही मूळचीं अमेरिका खंडांतलीं. गाजर गवताची पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास ठळक नोंद झाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तें देशभर पसरलें. एकेका झाडाला हजारों बिया, गुरें तोंड लावीत नाहींत, आणि माणसाच्या कातडीला व श्वासाला त्याचा त्रास. त्याला आवर घालावा म्हणून मेक्सिकोतून आणलेला एक लहान भुंगा १९८४ सालीं भारतांत सोडण्यांत आला. तो पावसाळ्यांत त्याचीं पानें खातो, परंतु गवताचा नायनाट मात्र झालेला नाहीं. सुतळीवरच्या चौकटींत जेथें गाजर गवत दाट भरतें, तेथें इतर जातींची संख्या झपाट्यानें उतरते. मुलांनीं हें कोणाच्या सांगण्यावरून मानावयाचें नाहीं. आपल्याच वहींतले आंकडे मोजून मानावयाचें.

आणि मग सहलीचा खरा कसोटीचा क्षण येतो. बोराच्या जाळींतून वर आलेली एक कळलावी एका विद्यार्थ्याला दिसते. तांबड्या-पिवळ्या ज्वाळांसारख्या तिच्या पाकळ्या मागें वळलेल्या. आणि मौज अशी कीं वेलीला आधार धरण्यासाठीं वेगळे ताणे नाहींत, पानाचें टोंकच लांब होऊन जाळीला विळखा घालतें. संस्कृतांत हिला लांगली म्हणतात, कारण हिचा कंद नांगराच्या आकाराचा असतो. त्या कंदांत व बियांत कोल्चिसीन नांवाचें द्रव्य आहे. संधिवाताच्या एका प्रकारावर तें औषध आहे, आणि मात्रा चुकली तर तेंच प्राणघातक विष आहे. औषधासाठीं कंद खणून नेणाऱ्यांमुळें पुष्कळ ठिकाणीं ही वेल कमी होत गेली आहे.

विद्यार्थ्याला परीक्षेसाठीं वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह सादर करावयाचा असतो. त्यानें खुरपें काढलें. कंदासह संपूर्ण वेल मिळाली तर संग्रह शोभून दिसेल, आणि गुणहि मिळतील. त्याच्या मागें आणखी चार जण उभे राहिले. आसपास दुसरी कळलावी नव्हती. भारा बांधीत असलेली एक म्हातारी हें पाहत होती. ती सहज म्हणाली, “आज उपटलं त पुढल्या साली काय पाहसान, बाप्पा?”

प्रश्न साधा होता. पण त्याला उत्तर देणें साधें नव्हतें. संग्रहाशिवाय वनस्पतिशास्त्र उभें राहिलें नसतें. वनस्पति दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवण्याची रीत सोळाव्या शतकांत इटालींतील लूका गीनी या अध्यापकानें शिष्यांना लावली, आणि आज लंडनजवळच्या क्यू येथील संग्रहांत असे सुमारें सत्तर लाख नमुने आहेत. कोणती जात कोठें, केव्हां होती, याचा तो कागद म्हणजे साक्षीपुरावा. उलट, चाळीस विद्यार्थ्यांनीं दरसाल त्याच वाटेवरून चाळीस कंद उपटले, तर कांहीं वर्षांनीं पुरावा तेवढा उरेल, आणि ज्याचा पुरावा तें उरणार नाहीं.

प्राध्यापकांनीं निकाल दिला नाहीं, वर्गालाच विचारलें. वाद झाला. कोणी म्हणे, एका वेलीनें काय होतें? कोणी म्हणे, प्रत्येक जण एकच वेल उपटतो. अखेर वर्गानें स्वतःपुरता नियम केला: जी वनस्पति चौकटींत दहांहून कमी दिसेल, तिचें पानहि तोडावयाचें नाहीं, तिचें चित्र काढावयाचें, जागा व तारीख लिहावयाची. जी मुबलक असेल, तिचा साऱ्या वर्गासाठीं एकच नमुना. तरोटा, माका, गाजर गवत यांचे नमुने वर्तमानपत्रांत दाबले गेले. कळलावीचें चित्र त्याच विद्यार्थ्यानें काढलें. त्यासाठीं त्याला पाऊण तास तिच्यासमोर बसावें लागलें, आणि पानाच्या टोंकाचा तो विळखा त्या पाऊण तासांतच त्याच्या ध्यानांत आला. उपटून नेली असती तर कदाचित् आलाहि नसता.

असल्या नोंदींना किंमत काय, असें कोणी विचारील. वऱ्हाडच्या वनस्पतींची नोंद व्हावयास मुळांतच उशीर झाला. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत निघाला; परंतु वऱ्हाड त्या इलाख्यांत नव्हता, तेव्हां तो त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेरच राहिला. अकोला जिल्ह्याचा वनस्पतिग्रंथ भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्यानें प्रसिद्ध केला तो १९८८ सालीं. कांबळे आणि प्रधान हे त्याचे कर्ते. तेव्हांच्या अकोल्यांत आजचा वाशीम जिल्हा सामावलेला होता. त्या ग्रंथानंतर तळीं भरलीं-आटलीं, पडीक जमिनी शेतीखालीं आल्या, नवीं गवतें शिरलीं. त्यांतली कोणती जात आज कोठें आहे आणि कोठें नाहीं, हें सांगण्यास मोठी संस्था दरसाल प्रत्येक तळ्यावर येऊं शकत नाहीं. एखाद्या गांवचा वर्ग मात्र येऊं शकतो. त्याच वाटेनें, त्याच महिन्यांत, तीच सुतळी बांधून दहा वर्षें नोंद ठेवली, तर ती वही कोणत्याहि ग्रंथाला पूरक होईल.

जलाशयाचें पाणी ज्या घरांत नळानें येतें, त्या घरांचाहि या वहीशीं संबंध आहे. कांठचें गवत गेलें तर पावसाबरोबर माती वाहून येते, गाळ सांठतो, आणि पाणी धरण्याची शक्ति तितकी कमी होते. परंतु घरांतलें नातें याहून जुनें आहे. गणेशचतुर्थीला एकवीस प्रकारची पत्री वाहण्याची चाल आहे. तींत माका आहे, आघाडा आहे, शमी आहे, दूर्वा आहेत. पूर्वीं हीं पानें घरचीं मुलें रानांतून शोधून आणीत, आणि त्या निमित्तानें एकवीस वनस्पतींची ओळख आपोआप होई. आतां बाजारांत पुडी मिळते. तींत काय आहे हें विकणाराहि सांगूं शकेलच असें नाहीं, आणि घेणारा विचारीत नाहीं. तेव्हां पुढल्या चतुर्थीला, पुडी आणण्यापूर्वीं, घरांतल्या मुलांना घेऊन गांवाबाहेरच्या तळ्यापर्यंत एकदां चालत जावें. एकवीस नव्हे, पांच पानें ओळखतां आलीं तरी पुष्कळ झालें. वाटेंत गवत कापणारी कोणी आजी भेटली, तर तिला नांवें विचारावीं आणि घरीं येऊन तीं लिहून ठेवावीं.

सायंकाळीं वर्ग परत निघतो तेव्हां त्याच्यापुढें शिंगें-नगारे नसतात. वहींत बावन्न नांवें असतात. त्यांपैकीं एकोणीस त्या म्हातारीनें सांगितलेलीं. मुलांच्या पायमोज्यांत कुसळें, बाह्यांना आघाड्याच्या बिया चिकटलेल्या. आपण बिया वाहून नेत आहोंत हें निदान त्या दिवशीं त्यांना ठाऊक असतें. जाळींतली कळलावी जागच्या जागीं असते. दिवाळीनंतर तिचा वेल वाळून जाईल, कंद मातींत झोंपून राहील. आणि पुढच्या पावसाळ्यांत ती पुन्हां वर आली कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं दुसरा वर्ग तीच सुतळी घेऊन तेथें येईल.